उलटी दाढी

त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिक्षिकेचं वह्यांवरचं लक्ष उडालं. शेजारचे आजोबा मानेवरची पुटकुळी कुरतडत होते आणि आजी वैतागल्या होत्या.

“नखं लावू नका. आत वळलेला केस उकरून निघतो का कधी?”

“टोचतोय तो.”

“टोचणारच. चाळीस वर्षं सलूनमध्ये गिऱ्हाइकांना बजावत आलात, उलटी दाढी नको, केस आत वळतो. आणि स्वतःची मात्र रोज उलटी.”

“गुळगुळीत होते.”

“आता कोण हात फिरवून बघतंय?”

“तूच म्हणाली होतीस, गाल टोचतात.”

“अहो, ते लग्नाच्या वर्षी.”

“मग आता टोचले तरी चालतील, असं कधी सांगितलंस?”

आजींनी त्यांचा हात मानेवरून ओढला आणि स्वतःच्या हातात दाबून धरला.

“नखं लावू नका म्हटलं ना.”