चौदा हाडं, पंधरा दिवसांसाठी

(अहिल्यानगर. मालनबाईंचं अंगण. लिंबाच्या फांदीला एक कापडी पिशवी टांगलेली. फाटकाशी छगनचा टेम्पो चालू.)

मालनबाई : त्या पिशवीला हात लावायचा न्हाई मॅडम. आदीच सांगते.

रेबेका : नाही लावत, मावशी. पण पिशवी लायब्ररीची आहे. तो बघा आमचा शिक्का.

मालनबाई : शिक्का भायेर आसंल. आत मानूस हाय.

रेबेका : आत चौदा हाडं आहेत, मेडिकल कॉलेजची. तुमच्या भाडेकरणीला, ह्या अश्विनीला, मी पंधरा दिवसांसाठी अभ्यासाला दिली होती. आज सव्विसावा दिवस.

मालनबाई : हाडं कुनी उसनी देतं व्हय?

रेबेका : मी देते. ग्रंथपाल आहे मी.

मालनबाई : मंजी पुस्तकंवाली.

रेबेका : पुस्तकं न्यायला येतंय कोण आता! सगळ्यांचं मोबाईलवर चाललंय. दिवसाला सात मुलं यायची, त्यातली तीन पंख्याखाली झोपायला. म्हणून जानेवारीत हाडं द्यायला सुरुवात केली. तर आता एकोणीस जण नंबर लावून बसलेत. एवढी गर्दी माझ्या लायब्ररीनं बावीस वर्षांत पाहिली नव्हती.

अश्विनी : सॉरी मॅडम. मी पलंगाखाली ठेवली होती. मावशी झाडायला आल्या आणि...

मालनबाई : मला वाटलं, पोरीनं गावाकडनं कांदं आनलं. हात घातला तर मांडी!

अश्विनी : फीमर.

मालनबाई : मांडीच ती. मला नको शिकवू. सासू-सासरं दोगांनला पोचवलंय म्या. अस्थी कुनी उंबऱ्याच्या आत घेतं का? सासऱ्याच्या आनल्या तवा ह्याच लिंबाला टांगल्या हुत्या. ह्यापन टांगल्या. तुमच्यात पुरत्यात, तुमाला न्हाई कळायचं.

रेबेका : आमच्यात पुरतात हे खरं. पण आजोबांना अजून तरी कुणी पंधरा दिवसांसाठी मागितलेलं नाही.

मालनबाई : हसू नका. ही पोरगी शिडी लावती, पिशवीत डोकं घालती आन् कायबाय पुटपुटत बसती. शेजारपाजार बगतंय. दोन बाया इचारून गेल्या, मंत्र कसला म्हनती म्हनून.

अश्विनी : सोमवारी तोंडी परीक्षा आहे मॅडम. करणार काय?

रेबेका : अकरा दिवस पिशवी झाडावर, आणि मला आज सांगतेस?

अश्विनी : वाटलं, मावशींचा राग उतरेल. जास्त बोलले तर खोली खाली करायला सांगतील. पण काल त्यांनी टेम्पो ठरवला तेव्हा घाबरले.

रेबेका : टेम्पो कुठे चाललाय, मावशी?

मालनबाई : कुटं म्हंजी? प्रवरासंगमला, अस्थी सोडायला. गुरुजीला निरोप धाडलाय. कुनाचं का आसंना, बिचारं बेवारस पडलंय. मोकळं करून येते. व्हा बाजूला, छगन खोळंबलाय.

रेबेका : आणि मी नोंदवहीत काय लिहू? 'हरवलं', 'फाटलं', 'वाळवी लागली', एवढेच शेरे आहेत आमच्याकडे.

मालनबाई : लिवा, सद्गती मिळाली.

रेबेका : मावशी, एक संच जरी गेला ना, तर डीनसाहेब हे सगळंच बंद करतील. आधीच विचारतात, हे ग्रंथालय आहे का स्मशान? मग एकोणीस मुलांनी काय चित्रं बघून हाडं शिकायची?

मालनबाई : तुमचे डीन तुमच्यापाशी. मला निस्तं नाव सांगा. गुरुजी नाव इचारतील.

रेबेका : नाव सांगता येणार नाही.

मालनबाई : बगा! ठावंच न्हाई तुमाला.

रेबेका : ठाऊक आहे. संचाला नंबर आहे, नंबरापुढे फॉर्म आहे. पण नाव कुणाला सांगायचं नाही, असं लिहून दिलंय.

मालनबाई : कुनी?

रेबेका : ज्यांची हाडं, त्यांनीच. जिवंतपणी. देहदान केलंय त्यांनी. दोन्ही मुलांच्या सह्या आहेत.

मालनबाई : लेकरं हायेत? मंग बेवारस कसं... बाई का बाप्या?

रेबेका : अश्विनी, तू सांग. तोंडी परीक्षा आजच होऊन जाऊ दे.

अश्विनी : बाई. खुब्याच्या हाडाची खाच रुंद आहे. वय बरंच असणार. गुडघ्याकडचा भाग घासून पार गुळगुळीत झालाय.

मालनबाई : खुरपायला बसून.

अश्विनी : तसं हाडावरून खात्रीनं नाही सांगता येत, मावशी.

मालनबाई : तुला न्हाई येत. माजा गुडघा बग, उटताना कसा वाजतोय. तिसगावात चाळीस वर्सं रानात बसले म्या.

रेबेका : तो फॉर्म मीच स्कॅन केला होता. शेवटी 'इतर इच्छा' अशी एक ओळ असते. बहुतेक लोक ती कोरी सोडतात. ह्या बाईंनी मात्र ती लेकाकडून लिहून घेतली. खाली त्यांचा अंगठा आहे.

मालनबाई : अंगठा? मंजी माज्यावानीच की. काय लिवलंय?

रेबेका : नाव नाही, गाव नाही, म्हणून सांगते. 'मला शाळेत धाडलं न्हाई. आता धाडा.'

मालनबाई : छगन! बंद कर ती गाडी. न्हाई जायाचं. व्हय, गुरुजीला मी सांगते काय सांगायचं ते. तू जा.

रेबेका : मावशी, बसा जरा.

मालनबाई : कशाची बसते! तिची शाळा बुडिवली की म्या. अकरा दिवस. अश्विनी, शिडी आन. सावकाश काड, आपटू नको. आन् पलंगाखाली न्हाई ठेवायचं. टेबल कशाला हाय तुज्या खोलीत?

अश्विनी : घरात नेऊ?

मालनबाई : मंग काय तिला अंगनात बसवती? उंबऱ्याचं माजं मी बगते.

रेबेका : सोमवारपर्यंत मुदत वाढवून देते. मंगळवारी सकाळी परत. मी मोजून घेणार, चौदाच्या चौदा.

मालनबाई : आन् मंग ती कुटं जाती?

रेबेका : पुढचा नंबर करणचा. संगमनेरचा मुलगा आहे, इथे बालिकाश्रम रोडला खोली घेऊन राहतो.

मालनबाई : त्याची घरमालकीन कशी हाय?

रेबेका : मला काय माहीत!

मालनबाई : तिचा नंबर मिळवा मॅडम. तिच्याशी मी बोलते आदी. म्हनावं, पाव्हनी यायली, शिकायला.