चालतोय की, काका

…आता बंदच पडायचं आसंल तर गॅरेजात पड की, मर्दा! चारचौघांत पड! न्हाय. दत्तप्रसादकाका गाडीत एकटे आसले की पडणार, आन गॅरेजच्या दारात मेकॅनिकनं हात लावला की घुर्रर्र करून चालू. तुमाला सांगतो, त्या हिटरच्या पंख्यानं त्या माणसाचा जीव नकोसा केलता.

आता तुमी म्हणशीला, कोल्हापुरात हिटर कशाला पाहिजे, हितं माणसंच गरम हाईत. बरोबर हाय. पर पावसाळ्यात जोतिबाचा डोंगर चढताना समोरच्या काचंवर आतनं वाफ धरती, ती काय पंख्याबिगर जात न्हाय. आन काका तर दर ऐतवारी जोतिबाला जाणारच, बँकेतनं रिटायर झाल्यापासनंचा नेम हाय त्यांचा, गाडीबी तवापासनंची, श्यामलाकाकू हुत्या तवा दोघं जायची, गेल्या दिवाळीच्या आधी काकू गेल्या, आता एकटेच जात्यात. एका हातात स्टेरिंग, दुसऱ्या हातात फडकं. पुसलं की जरा रस्ता दिसतोय, परत धुकं, परत पुसायचं… गाडी चालवत्यात का फरशी पुसत्यात, कळायचं न्हाय.

मग गेले कृष्णातकडं. कृष्णातचं गॅरेज हितंच, शिवाजी पेठंत, तालमीच्या बाजूला. काका म्हणले, "कृष्णात, पंखा मध्येच बंद पडतो." कृष्णातनं हात पुसलं, डाव्या बाजूचं दार उघडून आत बसला, कारण पंखा त्या बाजूलाच आसतोय डॅशबोर्डाखाली, आन म्हणला, "लावा बघू." लावला. घुर्रर्र. "चालतोय की, काका!"

"अरे पण येताना बंद होता."

"आता तर चालतोय की! चला, चक्कर मारू." रंकाळ्याला फेरी मारून आले, खड्ड्यातनं घातली, चढावर घातली, बंद पडंल तर शप्पथ. कृष्णात उतरला, काका निघाले, गल्लीच्या तोंडाला गेले… बंद. तशीच गाडी रिव्हर्स घेतली, कृष्णात परत आत बसला. चालू. काय करायचं सांगा आशा पंख्याला? ह्येला माणूस ओळखू येतोय का काय?

फ्यूज बदलला. मोटर काढून साफ केली. स्विच नवा टाकला. दर वेळंला कृष्णात डाव्या सीटवर बसून म्हणायचा, "चालतोय की, काका!" आन दर वेळंला काका घरी पोचायच्या आत पंखा गप. शेवटी एक दिवस कृष्णातनं पाना खाली ठेवला आन लई मायेनं म्हणला, "काका, राग मानू नका. घरी करमत नसंल तर नुसतं या की चहाला. पंखा कशाला मधी घालताय?"

लागलं ते काकांना. लई लागलं. करमत नव्हतं हे खरंच हुतं, पर म्हणून हा माणूस खोटं बोलंल व्हय? जन्मभर बँकेत दुसऱ्याच्या चुका शोधल्या, आन आता ह्यांच्यावरच संशय.

आन कृष्णात पडला पूर्णिमाच्या वर्गातला. पूर्णिमा म्हंजे काकांची मुलगी, पुण्याला आसती. त्येनं काळजीपोटी तिला फोन लावला, आन तिनं काकांना. "बाबा, गाडीला काही झालेलं नाही म्हणतो कृष्णात, तरी तुम्ही सारखे तिथं जाता. तुम्हाला भास होतात का? खरं सांगा. मी गणपतीला येते, गाडी विकून टाकू, घराला कुलूप लावू, तुम्ही पुण्याला चला." घ्या! म्हंजे आता सवाल पंख्याचा ऱ्हायलाच न्हाय. फॉल्ट खरा हाय म्हणून दाखवायचं, न्हायतर पेठ सोडून पुण्यात अकराव्या मजल्यावर जाऊन बसायचं.

काकांनी मग पुरावा गोळा करायला घेतला. मोबाईलवर व्हिडिओ काढला आन पाठवला पोरीला. तिचा फोन, "बाबा, यात काही ऐकूच येत नाहीये."

"तेच तर दाखवतोय! पंखा बंद आहे!"

"बाबा, बटण बंद ठेवून पण असाच व्हिडिओ निघतो."

पर माणूस बँकेतला. रात्रभर कूस बदलून विचार केला, आन सकाळी डोक्यात आलं, शेजारी कोण बसलं तर चालतोय, उठलं की बंद… म्हंजे वजन! सीटवर वजन पाहिजे. घरातनं तांदळाचं पोतं आणलं, शेजारच्या सीटवर ठेवलं, आन पडू नये म्हणून त्येला बेल्ट लावला. तुमाला सांगतो, गंगावेशीत बाया थांबून बघत हुत्या, काका पोत्याला घेऊन चाललेत. पंखा? बंद. त्येला तांदूळ चालत न्हाय.

मग आला ऐतवार. पाऊस धो धो. कोपऱ्यावरची फुलवाली बनाबाई आडवी आली, "अण्णा, डोंगराव चाललायसा न्हवं? मला घ्या की, एसटीची वाट बघून पाय मोडलं." पोतं मागं टाकलं, बनाबाई पुढं बसली, आन पंखा घुर्रर्र. काच लख्ख. काका खूश, लई दिवसांनी गाडीत कोण बोलायला हुतं, बनाबाई सुनंचं गाऱ्हाणं सांगत हुती आन काका ऐकत हुते. केर्ली गावाच्या पुढं बनाबाईनं काय केलं, चपला काढल्या, पाय वर घेतलं आन सीटवर मांडी घालून बसली. पंखा बंद.

काकांनी गाडी बाजूला घेतली. "बनाबाई, पाय खाली सोडा."

"का ओ?"

"सोडा तर." सोडलं. चालू.

"आता वर घ्या." बंद. "खाली." चालू. "वर." बंद.

"अण्णा," बनाबाई म्हणली, "आपण देवाला चाललोय का शाळंच्या कवायतीला?"

दर्शन झालं तसं काका तिला घेऊनच गॅरेजात. "कृष्णात, ही मांडी घालून बसली की बंद पडतो. बघ." कृष्णातनं बघितलं. पयल्यांदा बंद पंखा त्येनं डोळ्यानं बघितला. गप खाली वाकला, डाव्या बाजूची मॅट वर केली, खालनं पंख्याची वायर गेलीती, तिचा जोड सुटलेला, हिरवागार गंजलेला. पाय पडला की चिकटायचा, उचलला की सुटायचा.

"चुकलं काका माझं," कृष्णात म्हणला. "पर ह्यो जोड आत्ताचा सुटलेला न्हाय. लई वर्षांचा हाय. मग एवढं दिवस पंखा चालला कसा?"

काकांनी डाव्या सीटवर हात ठेवला. काकूंना सवय हुती, गाडी जरा पळाली की डाव्या सीटवर बसून पाय दाबायच्या, जसा काय ब्रेक त्यांच्याच पायाखाली हाय. "हळू घ्या, हळू घ्या," आन पाय दाबलेला. काका चिडवायचे, तुझ्या ब्रेकनं गाडी थांबायची नाही म्हणून. त्या दाबत हुत्या तवर पंखा चालत हुता, आन ह्यांना कधी कळलंच न्हाय. तिथंच, ऑइलच्या डब्यावर बसून काका रडले. कृष्णात आन बनाबाई आपले उगं पावसाकडं बघत ऱ्हायले.

"पाच मिनिटांचं काम हाय," कृष्णात म्हणला. "जोडू?"

काका म्हणले, "जोड." बँकेतला माणूस, चूक सापडली की दुरुस्त करायची, दुसरं काय म्हणणार? कृष्णातनंच पूर्णिमाला फोन करून सांगितलं, फॉल्ट खरा हुता म्हणून. ती म्हणली, "सॉरी बाबा. रहा तुम्ही तिथंच." जिंकले काका! गाडी ऱ्हायली, घर ऱ्हायलं, भासबी न्हाय का काय न्हाय.

फुडच्या ऐतवारी काकांनी बनाबाईच्या फुलांपाशी गाडी उभी केली. "चला, डोंगरावर."

"आता पंखा बरा झालाय की, अण्णा. माझं काय काम?" काकांनी गाडी फुडं घेतली. कृष्णातकडं जावं, तर काय म्हणून जायचं?

गेले एकटेच. डोंगरावर मरणाचं धुकं, आन काच आशी लख्ख. काका कान देऊन बसलेत… आता पडंल, ह्या वळणावर पडंल, निदान कमानीपाशी तरी पडंल, म्हंजे खाली जाऊन कुणालातरी शेजारी बसवता येईल. वरपतूर चालला. उतरतानाबी चालला. एवढं दिवस नको तवा बंद पडला, आन आता माणूस मनापासनं म्हणतोय तर… एकदा तरी बंद पडावं की मुडद्यानं.