तिन्ही वेळा तेच

नाही हो जगदेवीबाई, तुमचंच मोजायला चुकलं असणार — बसा, बसा जरा, रागावलो नाही मी. काल कामाला लागलात आणि आज लगेच प्रभाचं बोलणं कळायला लागलं? अहो, मला महिना लागला! नवरा मी तिचा, आणि जन्मभर कॉलेजात शिकवलं काय, तर हेच — तार खराब असली, मध्ये खरखर असली, तरी निरोप धड कसा पोचवायचा. मेंदूच्या झटक्यात तिचं सगळं अंग गेलं, पापणी तेवढी राहिली. तीही मधूनच आपोआप फडफडते — ती खरखर, समजलं का? म्हणून ही अक्षरांची पाटी केली. पापणी किती वेळा मिटली ते मोजायचं — आधी ओळ, मग ओळीतलं घर, की अक्षर मिळालं. आणि प्रत्येक अक्षर तीनदा घ्यायचं. तुमचे मालक एमआयडीसीत यंत्रमागावर आहेत ना — त्या खडखडाटात एकच गोष्ट तीनदा ओरडतात की नाही? तसंच. एखादं बिघडलं तरी दोन जुळतात, जुळलेलं ते खरं. चूक आपोआप दुरुस्त! पहिल्यांदा तिनं काय सांगितलं माहितीये? 'दाढी करा.' लई हसलो हो मी, हसता हसता रडलो.

तुम्ही तीनदा घेतलंत? तिन्ही वेळा तेच? न, ळ, क, ढ — काना-मात्रा नाहीत पाटीवर, त्या आपण लावायच्या — तुम्ही 'नळी काढा' लावलंत, दुसरंही काही असेल की! काय असेल? असेल काहीतरी. नाकातली नळी काढली तर ती जेवणार कशी, जगणार कशी? असं कोण मागतं?

मागते. गुरुवारी मागितलं, परवाही मागितलं. एकही फडफड मध्ये नाही — इतकं स्वच्छ तिचं बोलणं कधीच आलं नव्हतं. मी काय केलं, सांगू? म्हटलं, प्रभा, नीट आलं नाही गं, परत सांग. ती परत सांगते. मी परत म्हणतो, आलं नाही. दमते बिचारी, डोळे मिटून घेते. अहो, मला नाही जमायचं तिच्याशिवाय! सकाळी चहा करतो, तिच्या उशाशी बसून पितो — तेवढंच माझं घर उरलंय.

तुम्ही तिला 'कळलं' म्हणालात? म्हणालात...

पाटी द्या इकडं. उद्यापासून येऊ नका, जगदेवीबाई. अक्षरओळख नसलेली कुणीतरी बघतो मी.