पास्कू मास्तरांचा लांबलेला सूर

आदरणीय अध्यक्ष फादर, अलिबागेहून मुद्दाम आलेले मामलेदारसाहेब, व्यासपीठावरील पंचमंडळी आणि खाली सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या बायाबापड्यांनो,

आपल्या चर्चची पेटी तीस वर्षं वाजवणाऱ्या पास्कू मास्तरांचा हा निरोप. माझ्याआधीच्या वक्त्यांनी हार घालता घालता सांगितलं, वयोमानानं मास्तरांचा हात मंदावला, दर स्तोत्राचा शेवटचा सूर लांबतो, म्हणून नवा वादक नेमला. हे ऐकून मी गप्प बसायचं? गृहस्थहो, माझं आयुष्य शाळेत मुलींना शिकवण्यात गेलं. चुकीचं उत्तर फळ्यावर ठेवून मी कधी घरी गेले नाही.

माझे यजमान सावेर आठवतात ना? मासेमारीच्या मचव्यावरचे तांडेल, खलाशांचे म्होरके. भरसमुद्रात हाक मारायचा गळा, तोच घेऊन रविवारच्या प्रार्थनेला, मिस्सेला यायचे. वर सगळ्यांचं स्तोत्र संपलं, की यांची शेवटची ओळ सुरू! शेजारची जनी कोळीण भर बाजारात विचारायची, "बाय, तुमचा तांडेल गातो हाय का होडीला हाक मारतो हाय?" मी कोपरानं ढोसून थकले. मास्तर तर बाहेर आल्यावर तावातावानं गाठायचे, "सावेर, लेका, जरा आवर!"

"तुम्ही व्हा पुढं, मास्तर. मी येतो मागनं!"

मग सावेर तापानं गेले. पुढच्या रविवारी स्तोत्र सगळ्यांचं एकदम संपलं. इतकं स्वच्छ, इतकं नीटनेटकं! मी उठले, घरी गेले आणि देवाशी अबोला धरला. घरातली प्रार्थना बंद. फादर, तुम्ही समजूत घालायला आलात आणि चहा पिऊन परत गेलात.

ईस्टरला लेकीनं मला ओढून आणलं. स्तोत्र संपलं, पण पेटी थांबेना. एकच सूर, बरोबर एका ओळीएवढा. चर्चमध्ये मान वळवू नये, असं कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं होतं. मी वळवली. नंतर दारातच गाठलं. "मास्तर, बोट अडकलं की काय?"

"सावेर यायचाय ना अजून," ते म्हणाले. "मचव्याला उशीर झाला म्हणून कुणी बंदर मिटतं का, बाई?"

त्या संध्याकाळी आमच्या घरात पुन्हा मेणबत्ती लागली.

कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांनी शपथ घातली होती. पंच हसले, पोरं हसली, मास्तर ऐकत राहिले. आज मी शपथ मोडली. फादर, शनिवारी पापनिवेदनाला येईन. पण पश्चात्ताप आणायला सांगू नका.

मास्तर मुलाकडे मुंबईला चाललेत. सुखानं जावोत. नवा वादकही येऊ दे. पण आत्ता मास्तरांनी एक स्तोत्र वाजवावं, आणि शेवटचा सूर लांबला की पंचमंडळींनी घड्याळ बघू नये. ती ओळ आज मी गाणार आहे. माझा गळा यजमानांहून वाईट आहे.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. थोरामोठ्यांचा मान राखताना जीभ घसरली असेल, तर पोटात घाला. सुराबद्दल मात्र माफी मागणार नाही.

व्हा पुढं, मास्तर. मी येते मागनं.