भोंग्यावरच्या बाई

लॉकडाऊनमध्ये मी भाजी कशी विकली, ते तुम्हाला सांगितलंच नाही. गोडादऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेत नवी पुस्तकं आली होती आणि ती शुक्रवारी वाटायची होती. मी पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, पण निम्म्या घरांत फोनला रिचार्जच नव्हता. त्या पोरांना कळवायचं कसं, या काळजीत मी दारात भाजी घेत होते. भाजीवाले रमेशभाऊ माझ्याच वर्गातल्या मुलीचे वडील. गाडीवरच्या भोंग्याकडे बोट दाखवत ते म्हणाले, "बाई, मना भोंगा शे ना. तुम्ही बोला, मी गल्लीगल्ली फिरवतो."

मी तिथेच त्यांच्या मोबाइलवर निरोप रेकॉर्ड केला. त्यांनी तो आपल्या आरोळीला जोडून टाकला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीनं ऐकलं, "ताजी भेंडी, हिरवे दोडके, पाचवीचं गणित, मास्क लावून या."

शुक्रवारी झाडून सगळे पालक आले. मला तर पटांगणात नाचावंसं वाटत होतं.

शनिवारी रमेशभाऊ पुन्हा दारात. "बाई, दुधीचं पण तुम्हीच बोला ना. तुमच्या आवाजाला बाया लगेच खाली येतात."

बोलले बाई मी, अगदी वर्गात बोलते तशी.

संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, आत्ता आमच्या गल्लीत तुम्ही दुधी विकत होतात."

मी म्हटलं, "हो सर. घेतलात का?"

"घेतला," सर म्हणाले, "पण तुम्ही कोवळा म्हणालात आणि निघाला निबर."