चौदा जणांचा कोट

—कोट नाही म्हटलं ना एकदा. मग? उंबऱ्यात उभं राहून माझ्या तोंडाकडं बघत बसलीस म्हणजे तो उगवणार आहे का? आत ये नाहीतर बाहेर हो, पण उजेड सोड, मला काजं करायचीत. आणि मास्तरीणबाई म्हणू नकोस. मास्तर म्हण. शाळेत शिकवते ती मास्तरीण, कपडे शिवतो तो मास्तर, आणि या गावात कपडे मी शिवते. कुणाकडं शिकले? कुणाकडंच नाही. नवरा गेला तेव्हा घरात एक मशीन होतं, माझे दोन पाय होते आणि त्याचे सहा शर्ट होते. सहाच्या सहा उसवले मी. एकेक टाका काढून बघितलं, आधी काय जोडलंय, मग काय जोडलंय, कॉलर कुठून आत शिरते, बाही कुठं वळते. पाच वाया गेले. सहावा जसाच्या तसा परत जोडला आणि तो अंगात घालून भर बाजारातून फिरून आले — हसा म्हटलं काय हसायचं ते, आणि हसून झालं की कापड घेऊन या.

बस. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय नाटकी आहे. इकडं खुर्चीवर बस. तू बॉयलरवाल्याची धाकटी ना? हनुवटी बापाची आहे, लपत नाही. कसा आहे बाप? घरीच आहे? बरं, विचारायलाच नको होतं. कारखान्याला कुलूप लागल्यापासून या गावात 'कसा आहे' विचारलं की लोक 'घरी आहे' म्हणून सांगतात. सोमवारी मुलाखत म्हणालीस? मोठ्या दवाखान्यात, नोंदणीच्या खिडकीवर? चांगलं आहे. बसून काम, डोक्यावर पंखा. आणि कुणीतरी तुझ्या कानात भरलं असणार की मास्तरकडं एक कोट आहे, तो घालून गेलेला रिकाम्या हातानं येत नाही. न्हाव्याच्या बायकोनं सांगितलं ना? तिचा थोरला गेला होता तो घालून. त्याच्या खांद्यात केवढं कापड घेऊन दाबावं लागलं, विचार तिला. हँगरला जास्त अंग होतं त्याच्यापेक्षा. पण लागला. गोदामात लागला, आता तिथला मुख्य आहे म्हणे.

खरं आहे ते, खोटं कशाला बोलू. चौदा जण गेले त्या कोटात आणि चौदाच्या चौदा लागले. कोट कारखान्याच्या बड्या साहेबाचा. दाट करडं कापड, अस्तर असं की हात घातला तर पाण्यात घातल्यासारखा. कच्चा शिवून ठेवला होता, साहेब मंगळवारी अंगात घालून बघायला येणार होते — आणि सोमवारी कारखान्याला कुलूप. साहेब कुठले येतायत! दोनशे माणसं फाटकाशी उभी आणि साहेब मागच्या रस्त्यानं पसार. तर कोट राहिला माझ्याकडं, कच्चा, धावदोऱ्यात. मग एके दिवशी माझाच धाकटा भाऊ आला, म्हणाला, ताई, मुलाखत आहे आणि शर्टाची कोपरं गेलीत. मी म्हटलं, थांब. त्याच्या अंगावर टाचला तो कोट, आणि जादा कापड कापलं नाही, आत दाबून ठेवलं — माया म्हणतात त्याला आमच्यात — बाजूनं कच्चे टाके घातले, फक्त खांदे आणि मुंढे तेवढे मशीनवर पक्के केले. बाही जिथं खांद्याला जोडतात ना, तो मुंढा. माणूस हात हलवतो, दार ढकलतो, कागद पुढं करतो, सगळा जोर तिथं येतो. बाकी कोट कच्चा चालतो, मुंढा कच्चा चालत नाही. लक्षात ठेव, तुला नाही शिवायचं तरी लक्षात ठेव.

आणि कायदा एकच होता. नोकरी लागली की रुजू व्हायच्या आधी स्वतः येऊन कोट द्यायचा. इथं बसायचं, तू बसलीस तिथंच, आणि मी टाके उसवत असताना सगळं सांगायचं — काय विचारलं, कोण हसलं, कुठल्या दारानं आत घेतलं, पाणी विचारलं का, उत्तर आलं नाही तेव्हा काय केलंस. ते मी पुढच्याला सांगायची. नुसत्या कोटानं कुणाला नोकरी लागते का गं? ते ऐकीव ज्ञान होतं खरं. साहेबानं पेन पुढं केलं तर स्वतःचं काढायचं, हे पाचव्यानं सांगितलं. गावाचं नाव विचारलं तर खाली बघून सांगायचं नाही, हे नवव्यानं. अशी मी शहाणी होत गेले, या खोलीतून न हलता. चौदा मुलाखती दिल्यात मी. एकीलाही गेले नाही.

आणि चौदाही जण आले हं, इमानानं. कोट द्यायला आले. त्यानंतर कोण आलं? कुणीही नाही. माझा सख्खा भाऊ, पहिला तो, कोट इथं टेबलावर ठेवून म्हणाला, ताई, महिन्याभरात तुला न्यायला येतो. महिना फार मोठा असतो बहुतेक तिकडं. हसू नकोस, हसण्यासारखं नाही ते. आणि जो जायचा त्याच्यामागं त्याची बायको जायची, मग आई, मग घराला कुलूप. म्हणजे झालं काय — ज्यांचे कपडे मी शिवायची त्यांनाच मी कोट घालून वाटेला लावत बसले. आता उरलंय काय? म्हाताऱ्यांच्या चड्ड्यांच्या नाड्या आणि उशांचे अभ्रे. बाजारात निम्मी दुकानं बंद, आणि लोक मला म्हणतात, मास्तर, तुमचे उपकार! उपकार कसले, दगा आहे तो. चौदा वेळा मीच गावाला दिलेला दगा.

पंधरावी तू? पंधरावी माझी भाची. कोट तिनं नेला. नेला आणि परत आणून दिला नाही, संपलं. म्हणून कोट नाही. झालं समाधान? आता—

त्या गादीला हात लावू नकोस! सुयांच्या. मागं घे हात. त्यात एक ओवलेली सुई आहे, ती हलवायची नाही. टोचेल म्हणून नाही ओरडले. ओरडले, असंच.

बहिणीची मुलगी ती. सात वर्षांची असताना आली माझ्याकडं, बहीण गेली तेव्हा. मी शिकले तसंच तिला शिकवलं, उसवून. दुसरी मुलं चित्रं काढतात, ही खिसे उसवायची. बारा वर्षांची होईतो शिवण नुसती बघून सांगायची, कुणी घातलीय, घाईत घातलीय का, घालताना भांडण झालं होतं का. खरंच सांगते! एकदा म्हणाली, मावशी, काल या बाहीच्या वेळी तू रडत होतीस. मी म्हटलं, तोंड सांभाळ. रडतच होते. रोज सकाळी दहा सुया ओवून या गादीत लावून ठेवायची माझ्यासाठी, काळा दोरा डावीकडं, पांढरा उजवीकडं. डोळे गेलेत ना माझे. मला वाटायचं झालं, दुकान हिचं, मशीन हिचं. गावात शिवायला माणसं उरली नाहीत, हे दिसत होतं मला, पण दोघींपुरतं निघेल म्हटलं. आणि गुरुवारी भर दुपारी हातात कागद घेऊन त्या स्टुलावर चढली — तेव्हा पाय धड होता त्याचा — दोन्ही हात पसरून म्हणाली, मावशी, घे माप. पंधरावी मी.

मला न विचारता अर्ज केला होता. कुठं, तर कपड्यांच्या मोठ्या कंपनीत, नमुने तपासायला. म्हणजे मी शिकवलेलंच, पण तिथं जाऊन. परक्यांसाठी. सरळ उभी राहा म्हटलं, एवढंच. चौदा जणांना मोठ्या तोंडानं 'जा' म्हटलेली बाई, घरातल्या एकीला 'नको' कुठल्या तोंडानं म्हणणार? माप घेतलं. पुरुषी कोट, बारीक अंग, खूप दाबावं लागलं. शुक्रवारी कोट तयार. शनिवारी बसनं गेली. जायच्या आधी घरात होत्या नव्हत्या तेवढ्या सुया ओवून ठेवल्या, चाळीसेक असतील. म्हणाली, मी येईपर्यंत पुरतील.

नाही आली. कोट द्यायलासुद्धा नाही.

काय बघतेस कपाटाकडं? हो, तोच आहे. बाहीचं टोक दिसतंय ते. परत आणून दिला नाही म्हटलं मी, परत आला नाही असं कुठं म्हटलं? पोस्टानं आला. पोस्टमननं आणून टाकला, त्याच टेबलावर, सही करा म्हणाला. चौदा जणांचा कोट, आणि सही करा! पण घालता येत नाही तो. काढू नकोस म्हटलं तर — काढ, काढ, आता उघडलंच आहेस तर. बघ. घाल बघू अंगात. जातोय का दंड आत? कसा जाईल! सगळा पक्का करून पाठवलाय तिनं, स्वतःच्या मापाला. जादा कापड कापून काढलं, सगळं. चौदा अंगांना पुरलेला कोट एका अंगापुरता करून ठेवला. यापुढं कुणाला होणार नाही, अशा बेतानं. गावाची एक वस्तू होती ती, आणि तिनं ती कात्रीनं मारली. याला काय म्हणायचं, तूच सांग.

डावा मुंढा काय बघतेस एवढा? बोट काय फिरवतेस? हो, तिथं दोनदा टीप मारलीय. तिनंच. कारण तो निघाला होता. मुलाखतीत निघाला. कागद द्यायला हात पुढं केला आणि बाही खांद्यापासून उतरली, चारचौघांसमोर, अस्तर लोंबतंय. मशीनचं काहीतरी झालं असेल. दोरा जुना असेल. मला दिसत नाही नीट, सांगितलं ना, डोळे—

डोळ्यांचं निमित्त मी सगळ्यांनाच सांगते. मुंढ्याला डोळे लागत नाहीत गं. चाळीस वर्षं घालतेय मी तो, बोटं झोपेत घालतील.

चिठ्ठी होती कोटाच्या खिशात. पाठ आहे मला. मावशी, डावा मुंढा कच्चा होता, उजवा पक्का होता. दोन्ही कच्चे असते तर विसरलीस म्हणता आलं असतं. एवढंच, आणि खाली — समोरच्यांनी विचारलं, हे काय झालं, मी सांगितलं इथं पक्की टीप पाहिजे होती, ती कुणी घातली नाही आणि का घातली नाही तेही सांगितलं, म्हणाले उद्यापासून या.

माझ्याच खोट्या शिवणीवर नोकरी लागली तिला! बघ म्हणजे. मला वाटलं होतं, लाजेल, चिडेल, रडत परत येईल, मी म्हणेन असू दे गं, तिकडची माणसंच तशी, ये, जेव. चार दिवसांत विसरली असती. एवढंच हवं होतं मला, जास्त नाही. आणि जिला शिवण बघून माझं रडं कळायचं, तिला हे कळणार नाही असं मला वाटलं? मीच शिकवलेलं, मीच विसरले. मूर्खपणाला वय लागत नाही.

दगा तिनं दिला, असं मी दोन वर्षं सांगतेय गावाला, आणि गाव मान डोलावतं. तू मान डोलावली नाहीस. बॉयलरवाल्याचीच तू.

उभी राहा. हात पसर. पसर म्हणते ना, पडत नाहीस. त्या खणात बघ, खाली, गुंडाळी आहे करड्या कापडाची. कापलेल्या पट्ट्या. त्याच पार्सलात होत्या, नीट इस्त्री करून, गुंडाळून. टाकून दिल्या नाहीत तिनं. का पाठवल्या, हे चिठ्ठीत नव्हतं, आणि मी विचारायला गेले नाही. दोन्ही बगलांत त्या लावल्या की होईल तुला. जोड दिसेल. हात वर केलास तर दिसेल, तर दिसू दे, तुला खिडकीवर बसायचंय, झाडावर चढायचं नाही. ही घे सुई, ओव. काळा दोरा. गादीतली नको म्हटलं ना, ही, डबीतली घे. ती चाळिसातली शेवटची आहे. ती तशीच राहू दे.

शनिवारी सकाळी ये. आणि हे बघ, कोट घेतलास की घरी जायचं, दार लावायचं आणि एकेक शिवण ओढून बघायची. जोर लावून. डावा मुंढा आधी. माझ्यासमोर नको बघूस, घरी जाऊन बघ. पण बघ.

आणि नोकरी लागली तर कोट हातानं आणून द्यायचा. इथं बसून सगळं सांगायचं, काय विचारलं ते. पोस्टानं आला तर मी सही करायची नाही.

जा आता. उजेड अडवू नकोस.