बिननावाचं फंक्शन

एवढा आखूड कोड लिहिता, तुम्हाला एकदा कोरेगावच्या बाळूकडंच पाठवायला पाहिजे! सांगलीत इंजिनिअरिंगला असताना आम्ही दोघं लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत होतो. त्यात बिननावाच्या फंक्शनला दर वेळी ‘लॅम्डा’ असं अख्खं लिहावं लागायचं. सुट्टीत बाळूच्या ओसरीवर त्यावरूनच आमची जुंपली.

"लॅम्डाच्या जागी एक खूण बास हाय रं," बाळू म्हणाला. "आमची आई आबांचं नाव कवा घेती का? नुसतं ‘आवं’ म्हणती. येत्यात का न्हाई आबा?"

"आन् भलतंच कुणी आलं तर?"

"कसं येईल?"

आत बायका पापड लाटत होत्या. तिथून हाक आली, "आवं, जरा इकडं या!"

ओसरीवर बसलेले आबा, काका आणि शेजारचे अण्णा, तिघेही उठले.

बाळू खाली मान घालून म्हणाला, "लॅम्डाच बरं हाय, गड्या."